काल रात्रीची किंकाळी

बी-३०१ : सुप्रभात. काल रात्री पावणेबाराच्या सुमारास वरून किंकाळी ऐकू आली. एक नाही, चार-पाच जणींची एकदम. मग दोन मिनिटं चिडीचूप आणि नंतर हसण्याचा आवाज. ४०२, सगळं ठीक आहे ना?

बी-४०२ : दादा, सॉरी सॉरी. सगळं ठीक आहे. आम्ही सहा मैत्रिणी सिनेमा बघत होतो. डिसेंबरातला एक शनिवार आमचा ठरलेला असतो, त्या रात्री फक्त सणाचे भयपट.

बी-३०१ : सणाचे भयपट म्हणजे?

बी-४०२ : म्हणजे गोष्ट ऐन सणाच्या दिवशी घडते. ख्रिसमस, हॅलोविन, व्हॅलेंटाइन डे. खिडकीत दिव्यांच्या माळा, दारात गाणी म्हणणारी पोरं, आणि माळ्यावर कोणीतरी.

सचिव : सर्व सभासदांना सूचना. सी विंगच्या जिन्यासमोर काल रात्रीपासून राखाडी गाडी आडवी लावलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी त्वरित काढावी.

सी-२०१ काकू : माझी नाही. ४०२, कुठला पाहिलात गं?

बी-४०२ : ब्लॅक ख्रिसमस, काकू. १९७४ चा, मूळ. पुढे दोनदा नव्याने काढलाय, ते दोन्ही सोडून द्या.

डी-६०४ : ताई, १९७४? तेव्हाचं बघून आता कोणी किंचाळतं का?

बी-४०२ : आम्ही किंचाळलो ना. ३०१ दादा साक्षीदार आहेत.
खरं सांगू का, सिनेमा रक्ताचा नाहीच फारसा. मुलींचं हॉस्टेल आहे, सुटी लागलीये, सगळ्या आपापल्या घरी निघाल्यात. पहिल्या काही मिनिटांतच एकीचा जीव जातो. पण कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांना वाटतं ती घरी गेली. वडील न्यायला आलेत, बाहेर थंडीत वाट बघतायत, आणि ती वर माळ्यावर खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत बसलीये, तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी. खाली पार्टी, पोलीस, शोधाशोध, सगळं होतं. माळ्यावर जाऊन नीट बघायचं काही कोणाच्या डोक्यात येत नाही. कॅमेरा मात्र अधूनमधून त्या खिडकीकडे जाऊन येतो. बस. त्या खिडकीनेच आम्हाला मारलं.

डी-६०४ : स्पॉयलर!!!

बी-४०२ : अरे हे पहिल्या दहा मिनिटांतलं आहे.

ए-१०३ काका : ठीक. पण पावणेबाराला नेमकं काय झालं?

बी-४०२ : काका, सिनेमाभर त्या हॉस्टेलवर घाणेरडे फोन येत असतात. आणि शेवटी सगळं आटोपलं असं वाटतं, घर शांत होतं, कॅमेरा मागे मागे जातो, आणि आत फोन वाजायला लागतो. श्रेयनामावली चालू झाली तरी वाजतोच आहे. आम्ही सहाजणी श्वास धरून बसलोय, आणि आमचा इंटरकॉम वाजला.

बी-३०१ : हाहाहा. आता कळलं.

बी-४०२ : वॉचमनकाका विचारत होते, राखाडी गाडी तुमच्याकडच्या पाहुण्यांची का म्हणून.

डी-६०४ : ताई, इंटरकॉम म्हणजे फोन इमारतीच्या आतूनच आलेला.

बी-४०२ : हो रे बाबा. ते कळल्यावरच हसलो.

सी-१०५ : कृपया या ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय.

सी-२०१ काकू : किंकाळी सोसायटीतच ऐकू आली ना, मग झाला विषय सोसायटीचा.

ए-१०३ काका : फोन घरातूनच येतो असं आहे का त्यात? मग मला एक शंका आहे. मी ३१ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. एका लाइनवर दोन उपकरणं असतील तर एकावरून दुसऱ्याची घंटी अशी नंबर फिरवून वाजत नाही. आपलाच नंबर फिरवला तर एंगेज टोन येतो.

बी-४०२ : काका, म्हणूनच त्या घरात दोन नंबर दाखवलेत. वॉर्डनबाईंचा फोन वेगळा. खुनी त्यावरून करतो.

ए-१०३ काका : मग चालेल.

बी-४०२ : आणि तुम्हाला आवडेल असा एक सीन आहे. पोलिसांनी फोनचा माग काढायला सांगितलेलं असतं. एक्स्चेंजमधला माणूस कपाटांच्या रांगांमधून धावतोय, वर बघतोय, परत दुसऱ्या रांगेत पळतोय. इकडे मुलगी फोन धरून उभी, कारण तिला सांगितलंय, त्याला बोलत ठेव. आम्हाला वाटलं, उगाच नाट्य केलंय.

ए-१०३ काका : नाट्य नाही. असंच होतं. मी सिनेमा बघितलेला नाही, पण आमच्याकडची जुनी यंत्रणा स्ट्रोजर. तुम्ही एक आकडा फिरवला की एक सिलेक्टर खट खट करत वर चढतो, आत वळतो आणि पुढच्या सिलेक्टरला जोडून देतो. पुढचा आकडा, पुढचा सिलेक्टर. बोलणं चालू असेतो ती साखळी लोखंडात तशीच अडकलेली उभी. माग काढायचा म्हणजे शेवटच्या टोकापासून उलटं चालत जायचं, कोण कोणाला जोडलंय ते डोळ्यांनी बघत, रॅकमागून रॅक. कधी दुसऱ्या मजल्यावर. करणाऱ्याने फोन ठेवला की सगळे सिलेक्टर सुटले, माग गेला. म्हणून बोलत ठेवा.
रात्रपाळीला दीडनंतर फोन कमी व्हायचे. एखादाच सिलेक्टर कुठेतरी चढायचा. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तेवढाच खट खट. कोण कोणाला करतोय एवढ्या रात्री, असं वाटायचं.

डी-६०४ : काका, तुमचा मेसेज सिनेमापेक्षा भारी आहे.

सी-२०१ काकू : अंगावर काटा आला हो.

बी-४०२ : काका, पुढच्या शनिवारी तुम्ही या. हा सीन तुमच्याबरोबर परत बघायचाय.

डी-६०४ : पण खरा सणाचा भयपट म्हणजे हॅलोविन, १९७८. जॉन कार्पेंटर. बाकी सगळे नंतर.

बी-४०२ : नंतर? ब्लॅक ख्रिसमस चार वर्षं आधीचा आहे. मारेकऱ्याच्या डोळ्यांतून घरात शिरणं, तो श्वासाचा आवाज, हे सगळं तिथे आहे. कॅमेरामनने कॅमेरा खांद्याला बांधून भिंतीवरून चढून ते चित्रण केलंय. दिग्दर्शक बॉब क्लार्कने नंतर सांगितलं होतं की कार्पेंटरने त्याला विचारलं, पुढचा भाग केलास तर काय करशील, आणि तो म्हणाला, पुढचा हॅलोविनला घडवीन. चोरी केली असं मात्र तो कधी म्हणाला नाही, ते काम कार्पेंटरचंच आहे असंच म्हणायचा.

डी-६०४ : तरी हॅलोविनच भारी. तुम्हाला माहितीये का, तो ऑक्टोबर दाखवलाय पण शूटिंग वसंत ऋतूत, कॅलिफोर्नियात. झाडं हिरवीगार. मग कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरली, सीन झाला की परत गोळा करून पोत्यात भरली, पुढच्या सीनला परत पसरली. आणि तो पांढरा मुखवटा म्हणजे स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून आणलेला. भुवया काढल्या, पांढरा रंग मारला, झालं.

सी-२०१ काकू : हे कोणीतरी सांगायला हवं होतं मला. मी त्या मुखवट्याला आयुष्यभर घाबरले.

बी-४०२ : आमच्या गटात यावरून दरवर्षी भांडण होतं. आमची एक कसोटी आहे : गोष्टीतून सण काढून घ्या, गोष्ट पडते का? पडली तर तो सणाचा सिनेमा. नाही पडली तर नुसती सजावट. हॅलोविनचं मूळ नावच वेगळं होतं, मुलं सांभाळणाऱ्या मुलींचे खून असं काहीतरी. निर्माता म्हणाला, सगळं हॅलोविनच्या एका रात्रीत घडवा. म्हणजे सण नंतर चिकटवला.

डी-६०४ : चिकटवला तरी चिकटला ना? एरवी मुखवटा घालून गल्लीत उभा असलेला माणूस दिसला तर पोलीस बोलावतील. त्या एका रात्री सगळेच सोंग घेऊन फिरतात, कोणी वळूनसुद्धा बघत नाही. सण काढा, तो दुपारीच पकडला जाईल.

बी-४०२ : हं.

बी-३०१ : ताई निरुत्तर. तारीख लिहून ठेवा.

बी-४०२ : निरुत्तर नाही, विचार करतेय. ठीक आहे, हॅलोविन पास. पण त्याच्यानंतर जी रांग लागली ती बघ. कॅलेंडर समोर ठेवून सिनेमे काढले लोकांनी. १९८० ला फ्रायडे द थर्टीन्थ, त्याची तर कथा तयार नसताना नावाची जाहिरात छापून आली होती. त्याच वर्षी नववर्षाच्या रात्रीचा एक, १९८१ ला माय ब्लडी व्हॅलेंटाइन, १९८६ ला एप्रिल फूल डे. यातला व्हॅलेंटाइनवाला मला आवडतो, कारण तो कसोटीला उतरतो. खाणकामगारांचं गाव, व्हॅलेंटाइनच्या नाचाला जायच्या घाईत मुकादम खाणीतला वायू न तपासता निघून जातात, स्फोट होतो. सण नसता तर अपघातच नाही. कॅनडातल्या खऱ्या खाणीत शूटिंग केलंय. आणि गंमत म्हणजे सिनेमावाले येणार म्हणून गावकऱ्यांनी खाण धुऊन पुसून रंगवून ठेवली होती. मग पैसे खर्चून परत मळवायला लागली.

सी-२०१ काकू : पाहुणे येणार म्हणून घर आवरलं बिचाऱ्यांनी.

सचिव : राखाडी गाडी अद्याप तिथेच आहे.

सी-२०१ काकू : मी एक बोलू का? तुम्हा मुलांना वाटतं हे सगळं १९७४ ला सुरू झालं. ख्रिसमसला भुताच्या गोष्टी सांगणं ही इंग्रजांची जुनी सवय आहे. डिकन्सचं अ ख्रिसमस कॅरल १८४३ चं, आणि ती सरळ सरळ भुताचीच गोष्ट आहे, चार भुतं आहेत त्यात. पुढे एम. आर. जेम्स, केंब्रिजमधले विद्वान, नाताळच्या सुमारास मित्रांना आपल्या खोलीत बोलवायचे आणि नवी गोष्ट वाचून दाखवायचे. बीबीसीने १९७१ पासून दर ख्रिसमसला एक भूतकथा दाखवायला सुरुवात केली, बहुतेक जेम्सच्याच. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रींपैकी एक, बाहेर थंडी, सगळे एका खोलीत कोंडलेले. दुसरं सुचणार तरी काय?
जेम्सच्या गोष्टीतलं भूत सहसा धड दिसत नाही. पलंगावरची चादर जरा जास्त हलते, एवढंच.

बी-४०२ : काकू, तुम्ही इतकी वर्षं सी विंगमध्ये आहात आणि आम्ही तुम्हाला बोलावलं नाही?

सी-२०१ काकू : विचारलंच नाहीत कधी.

डी-१०२ : लहान मुलांबरोबर बघता येईल असं काही आहे का यात? माझा मुलगा दहाचा आहे, हट्ट धरून बसलाय.

बी-४०२ : ग्रेमलिन्स, १९८४. पण आधी तुम्ही एकट्याने बघा. भेट म्हणून आणलेला गोंडस प्राणी, तीन नियम : उजेड नको, पाणी नको, मध्यरात्रीनंतर खायला नको. तिन्ही मोडतात हे सांगायला नकोच. मिक्सरचा सीन आहे एक, आणि चिमणीत अडकलेल्या वडिलांची एक गोष्ट एक मुलगी सांगते, ती ऐकून लहान मुलांना सांताक्लॉजबद्दल नको ते कळतं. त्या वर्षी याच्यावरून आणि एका इंडियाना जोन्सवरून अमेरिकेत पालक इतके चिडले की सेन्सॉरच्या वर्गवारीत तेरा वर्षांची नवी पायरी टाकावी लागली.

डी-१०२ : मग नकोच. सांताक्लॉजवर विश्वास आहे अजून त्याचा.

डी-६०४ : त्याच वर्षी सांताच्या वेशातला खुनी दाखवणारा एक आला होता ना? थिएटरबाहेर आईवडील गाणी म्हणत निदर्शनं करत होते म्हणे.

बी-४०२ : सायलेंट नाइट, डेडली नाइट. जाहिरातीत चिमणीतून बाहेर आलेला कुऱ्हाडवाला हात, आणि ती टीव्हीवर मुलांच्या वेळेत लागली. मग काय. वितरकाने आधी जाहिराती काढल्या, मग सिनेमाच काढला. मी पाहिलाय. निदर्शनं सिनेमापेक्षा चांगली असावीत.

ए-१०३ काका : सांताबद्दल विचारायचं तर मूळ दाढीवाला इतका प्रेमळ होता का?

डी-६०४ : काका, रेअर एक्सपोर्ट्स बघा. फिनलंडचा, २०१०. डोंगर खोदून मूळ सांता बाहेर काढतात, आणि तो अजिबात प्रेमळ नसतो. शेवट मात्र... नाही सांगत. मी ताईंसारखा नाही.

बी-४०२ : टोमणा पोचला.
क्रॅम्पस पण आहे, २०१५ चा. आल्प्सकडच्या लोककथेत सेंट निकोलसबरोबर फिरणारा शिंगवाला, ५ डिसेंबरच्या रात्री येतो आणि वात्रट पोरांना घेऊन जातो. सिनेमात मात्र पहिली वीस मिनिटं राक्षस नाहीच. नुसते नातेवाईक येतात. सोफ्यावर जागा नाही, जेवणाच्या टेबलावर टोमणे, मावस भावंडं पोराने सांताला लिहिलेली चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवतात. राक्षस आला तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, सुटलो बाई.

बी-३०१ : हा मी बघणार. बायकोला सांगत नाही का ते.

बी-३०१ (वहिनी) : हा ग्रुप मी पण वाचते.

डी-६०४ : दादा, भयपट सुरू.

बी-४०२ : बरं, एक शेवटचं सांगते, मग कामाला लागते. ज्या बॉब क्लार्कने माळ्यावरची ती खुर्ची दाखवली, त्यानेच नऊ वर्षांनी, १९८३ ला, अ ख्रिसमस स्टोरी काढला. एका पोराला नाताळात छर्ऱ्यांची बंदूक हवी असते, एवढीच गोष्ट. अमेरिकेत वर्षानुवर्षं ख्रिसमसला एक वाहिनी तो चोवीस तास लागोपाठ दाखवते. तोच माणूस, तसंच घर, तसाच बर्फ. या वर्षी तो आज सकाळी बघितला आम्ही. गोड आहे खूप. पण वरच्या खिडक्या दिसल्या की सहाजणी गप्प.

ए-१०३ काका : मी येतो शनिवारी. किती वाजता?

बी-४०२ : आठला. काकू तुम्ही पण. जेम्सची गोष्ट तुम्ही वाचायची, दिवे घालवून. ३०१ दादा-वहिनी, तुम्हीसुद्धा. म्हणजे खाली तक्रार करायला कोणी उरणार नाही.

बी-३०१ : हे आधी सुचायला हवं होतं तुम्हाला.

ए-१०३ काका : आमच्याकडे एक झुलती खुर्ची आहे, बसायला जागा कमी पडत असेल तर घेऊन येतो.

बी-४०२ : काका, ती सोडून काहीही आणा.

सचिव : वॉचमनने सर्व विंगमध्ये इंटरकॉमवरून विचारणा केली. राखाडी गाडी कोणाचीच नाही असे कळते. मात्र आत्ता खाली जाऊन पाहिले असता तिचे इंडिकेटर चालू आहेत.

डी-६०४ : सचिवकाका, काल रात्री चालू होते का?

सचिव : नव्हते.