नाशिकच्या उन्हावर काम करायचंय, फोटो आणि शिल्प दोन्ही. कुठून सुरू करू?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा प्लीज. मी शाळेत चित्रकला शिकवते, फोटोग्राफी कॉलेजपासून करतेय. मखमलाबादच्या पुढे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे, तिथे विहिरीच्या बाजूला दोनेक गुंठे जागा पडीक आहे आणि मामा म्हणाले तुला काय मांडायचं ते मांड, फक्त ट्रॅक्टर वळायला जागा ठेव. तर मला तिथे ऊन-सावलीचं असं काहीतरी करायचंय जे ऋतूप्रमाणे बदलत राहील आणि त्याचे फोटो हेही त्याच कामाचा भाग असतील, नुसती आठवण म्हणून काढलेले नाही.

ऑलाफुर एलियासनचं लंडनच्या टेट मॉडर्नमधलं २००३ चं काम फोटोत बघितलंय, पिवळा सूर्य, धुकं, छताला आरसे आणि लोक जमिनीवर आडवे पडून वर बघतायत. जेम्स टरेलने तर १९७७ मध्ये ॲरिझोनातलं ज्वालामुखीचं विझलेलं मुख मिळवलं आणि तेव्हापासून आकाश बघायच्या खोल्या आतून बांधतोय. हे सगळं फार आवडतं, पण तसं भव्य मला जमणार नाही आणि करायचंही नाही. मला असे कलाकार सांगा ना ज्यांच्या कामात कॅमेरा आणि शिल्प खरंच एकमेकांत मिसळलेत. आणि आपल्या नाशिकच्या उन्हात असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही? सहावी-सातवीच्या मुलांनाही यात घ्यायचं आहे, त्यामुळे हाताळायला सुरक्षित आणि स्वस्त काही असेल तर तेही सांगा.

माध्यान्ह

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे. नॅन्सी होल्टचं 'सन टनल्स' माहीत असेलच, युटाच्या वाळवंटात सिमेंटचे चार प्रचंड पाइप, प्रत्येक १८ फूट लांब, १९७६ ला पूर्ण झालं. २१ जून आणि २१ डिसेंबरच्या आसपास उगवता आणि मावळता सूर्य बरोबर पाइपांच्या मधोमध दिसतो, आणि पाइपांना वरून भोकं पाडलीत ती तारकासमूहांच्या आकारात, म्हणजे भर दुपारी आत उन्हाचे ठिपके पडतात. बाई मुळात फोटोग्राफीही करायच्या, आणि या पाइपांच्या आधी त्यांनी 'लोकेटर्स' म्हणून एक साधी गोष्ट केली होती, डोळ्याच्या उंचीवर स्टँडवर बसवलेला लोखंडी पाइपचा तुकडा, त्यातून बघायचं, बस. व्ह्यूफाइंडरच जमिनीत रोवलाय म्हणा ना. तुमच्या पहिल्या प्रश्नाला हेच सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं मला, आणि असा एक पाइप उभा करायला तुम्हाला फार खर्चही नाही.

पण त्यांचे कोन जसेच्या तसे उचलू नका. त्यांची जागा साधारण ४१ अंश उत्तरेला, तिथे २१ डिसेंबरचा सूर्य पूर्वेपासून जवळजवळ ३२ अंश दक्षिणेला सरकून उगवतो. नाशिक २० अंशांवर, आपल्याकडे हे सरकणं २५ अंशांच्या आसपास. शिवाय मखमलाबादच्या बाजूने क्षितिजावर डोंगर असेल तर सूर्य वर येईपर्यंत अजून थोडा दक्षिणेला गेलेला असतो, म्हणून कागदावरचं गणित फक्त अंदाजाला ठेवा आणि त्या दिवशी पहाटे जाऊन प्रत्यक्ष खुंटी ठोका. मोबाइलच्या कंपासवर विसंबू नका, लोखंडाजवळ तो हमखास भरकटतो.

आणि आता खरी गोष्ट. युटात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, शून्य सावली दिवस, नाशिकला साधारण २० मेच्या आसपास आणि मग २४ जुलैच्या आसपास, दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळात. जुलैतला बहुतेक ढगात जातो, पण मे मधला आपलाच. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते, हे कितीतरी लोकांनी नाशिकमध्ये जन्म काढूनही बघितलेलं नसतं. तुमच्याकडे विहीर आहे! एरवी दुपारी बारा-साडेबाराला विहिरीच्या भिंतीची सावली पाण्यावर एका बाजूने चढलेली असते, त्या दिवशी ती पूर्ण निघून जाते आणि पाण्याचा अख्खा गोल उन्हात येतो. मामांची विहीर हेच तुमचं शिल्प आहे, ते आधीच खणून ठेवलेलं आहे. बाजूला काही बांधायचंच असेल तर आडवा पाइप सोडून उभी नळी करा, जेवढी लांब आणि अरुंद तेवढे कमी दिवस तिच्या तळाशी ऊन पोचेल.

डार्करूमवाले

माध्यान्हने विहिरीचं सांगितलं ते वाचून मी खुर्चीतून उठलो, फार भारी. मी फोटोच्या बाजूने लिहितो.

फोटो आणि बांधकाम दोन्ही म्हटलं की हिरोशी सुगिमोटो. समुद्राचे फोटो १९८० पासून काढतोय, वर अर्ध्यात आकाश खाली अर्ध्यात पाणी, बाकी काही नाही, आणि मग त्याच माणसाने जपानमध्ये ओदावारा इथे समुद्रावर एनोउरा ऑब्झर्व्हेटरी उभी केली, २०१७ ला उघडली. तिथे ७० मीटरचा लोखंडी बोगदा आहे ज्यातून डिसेंबरमधल्या त्या दिवशीचा सूर्योदय आत येतो, आणि १०० मीटरची गॅलरी आहे ती जूनच्या सूर्योदयाकडे रोखलेली. त्याचे फोटो आणि त्याची वास्तू एकाच माणसाच्या एकाच प्रश्नातून आलेत हे बघताना स्पष्ट कळतं.

पण ताई तुम्ही कॅमेरा नसलेल्या फोटोग्राफीकडे जरूर बघा. सुझन डर्जेस इंग्लंडमधल्या डेव्हनच्या टॉ नदीत रात्री मोठा फोटोपेपर पाण्याखाली धरायची आणि वरून फ्लॅश मारायची, पाण्याच्या लहरी, वर झुकलेल्या फांद्या सगळं थेट कागदावर उमटायचं. ख्रिस मॅकॉ तर मोठ्या कॅमेऱ्यात फोटोपेपर ठेवून तासन् तास लेन्स सूर्यावर रोखून ठेवतो, सूर्य सरकता सरकता कागद अक्षरशः जाळत जातो, प्रिंटमध्ये खरीखुरी चीर पडलेली असते. मग तो फोटो आहे की शिल्प? मला तरी दोन्ही वाटतं.

मुलांसाठी हळद! हे सायनोटाइपपेक्षाही (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारी निळी प्रिंट) आधी करा. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळून घ्यायची, जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने दोन हात द्यायचे, सावलीत वाळवायचं, वर द्राक्षाचं पान ठेवून काच दाबायची आणि उन्हात. एप्रिल-मेच्या उन्हात काही तासांत पानाबाहेरचा पिवळा उडून फिकट होतो. मग पान काढून कागदावर टाकणखाराचं पाणी फिरवा, पानाखाली राहिलेली हळद बघता बघता तांबूस-तपकिरी होते. घरोघरी हळदीला चुना लावून कुंकू करायचे त्यातली गंमत तीच, क्षार लागला की हळद लाल. मुलं ओरडतात अक्षरशः. स्पिरिटचं काम मात्र तुम्ही स्वतः करा, खिडक्या उघड्या ठेवून. ही प्रिंट पक्की होत नाही, उन्हात ठेवली की पुढेही उडत राहते, म्हणून फाइलमध्ये अंधारात ठेवायची, आणि स्कॅन लगेच करून घ्यायचं.

सायनोटाइप नंतर, आठवी-नववीला, ग्लोव्ह्ज घालून. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. १८४२ ला जॉन हर्शेलने शोधलेली पद्धत, पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळांची अख्खी पुस्तिका यातच छापायला घेतली. फेरिसायनाइडजवळ बाथरूम क्लीनरसारखं तीव्र ॲसिड कधीही आणू नका, विषारी वायू निघू शकतो. आणि बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त असेल तर निळा रंग फिका पडतो, धुवायच्या पाण्यात थोडं लिंबू पिळा.

अजून एक, तुम्हाला ऋतू टिपायचाय ना, मग सोलारग्राफ. पत्र्याचा डबा, सुईचं भोक, आत ब्लॅक अँड व्हाइट फोटोपेपर, आणि सहा महिने बांधून ठेवायचा. रोजच्या सूर्याची एक रेघ. कागद डेव्हलप करायचा नाही, सरळ स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंग उलटे करायचे, निगेटिव्हचं पॉझिटिव्ह. इंग्लंडमध्ये एका वेधशाळेवर २०१२ ला लावलेला असा एक डबा विसरला गेला आणि आठ वर्षांनी सापडला, कागदावर सूर्याच्या २,९५३ रेघा होत्या. आपल्याकडे २१ डिसेंबरला लावून जूनमध्ये काढला तर रेघा बऱ्यापैकी सलग येतील. पण मी असतो तर जूनला लावून डिसेंबरला काढला असता, कारण ढगाळ दिवसाची रेघच उमटत नाही, म्हणजे वरच्या रेघांच्या जागी जे काळं राहील तो आपला पावसाळा. डबा सरळ उभा लावू नका हां, आपला सूर्य फार वरून जातो, थोडा आभाळाकडे कलता बांधा.

आणि हे सगळं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याची वाढ कॅमेऱ्यात घेतली होती, पडद्यावर एखाद मिनिटात अख्खं रोप उगवतं. सराव म्हणून काय निवडलं बघा त्यांनी.

अंबड_फॅब

मी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, मटेरियलचं सांगतो. स्टेनलेसचा आरसा करायचा मोह सगळ्यांना होतो. अनिश कपूरांचं शिकागोचं 'क्लाउड गेट' बघून एक जण आमच्याकडे आले होते, त्यांना सांगितलं की ते १६८ प्लेटा जोडून केलंय आणि एकही वेल्ड दिसत नाही, ती बफिंग काय चीज आहे हे आम्हा लोकांना विचारा. पैसे सोडा, बागेजवळ चकचकीत पत्रा नकोच. उन्हाची तिरीप घडांवर पडली तर मणी भाजतात, म्हणून तर शेतकरी घडांना पेपर लावतात. आणि पत्रा जरा आत वळलेला असला तर ऊन एका जागी गोळा होऊन वाळलेलं गवत पेटू शकतं. पक्षीही आपटतात.

उभी नळी करायची तर विहिरीच्या सिमेंटच्या तयार रिंगा मिळतात, त्या एकावर एक रचा. खाली मुरूम दाबून बेड करा, लेव्हल ट्यूब आणि ओळंबा लावून रचा, ओळंब्यात नसेल तर तुमची २० तारीख चुकलीच समजा. खालच्या रिंगेला वाकून बघण्यापुरती खिडकी कापून घ्या, वरून जाळी मात्र पाहिजेच, पोरं चढतात. आणि तो डोळ्याच्या उंचीचा पाइप साध्या एमएसमध्येच (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) करा, गंज चढू द्या, काळ्या मातीत तो रंग छान दिसतो.

पाणवेल

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. गोदेच्या पात्रात आणि काठाला आधीच किती सिमेंट ओतलंय ते आपण रोज बघतो, त्यात कलेच्या नावाने अजून रिंगा कशाला? अँडी गोल्ड्सवर्दी बघा. बर्फाचे तुकडे थुंकीने चिकटवतो, पानं काट्यांनी टाचतो, आणि ऊन आलं की सगळं वितळतं, उडून जातं. फोटो राहतो. तिथे फोटोशिवाय कामच पूर्ण होत नाही, आणि ताईंनी अगदी हेच विचारलंय. सॅम फॉल्स कापडावर झाडपाला आणि कोरडा रंग पसरून रात्रभर पावसात, दवात सोडून देतो, सकाळी झाडांचे आकार उमटलेले असतात. छाटणीच्या वेळी मामांच्या बागेत काड्यांचे ढीग पडतील, एप्रिलच्या खरड छाटणीला तर विशेष. त्या काड्या जमिनीत ओळीने उभ्या करा, सावल्याच एवढं बोलतील की अजून काही लागणार नाही, आणि नंतर त्यांचं खत होईल.

आणि एक विनंती, अशी कामं करायला नांदूरमध्यमेश्वरला कोणी जाऊ नका. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२० ला आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण आहे ते, तिथलं पाणी पक्ष्यांचं आहे, तिथे फक्त बघायला जावं.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः माध्यान्ह, विहीर मी लहानपणापासून बघतेय आणि तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. पाणवेलताई, तुमचं पटलं. रिंगा करत नाही. छाटणीच्या काड्या मामांकडून राखून ठेवायला सांगितल्यात, मुलांबरोबर उभ्या करू आणि त्यांच्याच सावल्या हळदीच्या कागदावर घेऊ, सोलारग्राफचा डबा जूनमध्ये पंपघराच्या कोपऱ्याला. एमएसचा एकच पाइप मात्र करणार, विहिरीकडे तोंड करून.

आता विहिरीचा फोटो कसा घ्यायचा ते सांगा. पाणी मे मध्ये बरंच खाली असतं, चाळीसेक फूट.

माध्यान्ह

अगदी साडेबाराच्या ठोक्याला पाण्यात सूर्याचं बिंब हवं असेल तर कॅमेरा बरोबर त्याच्या वर धरावा लागतो, आणि मग तुमचं डोकं आणि हात आडवे येऊन बिंबच झाकतात. पाच-दहा मिनिटं आधी किंवा नंतर घ्या, तेवढ्यात सूर्य एक-दोन अंश सरकलेला असतो आणि बिंब सुटं दिसतं. सावली नसलेला पाण्याचा पूर्ण गोल हवा असेल तर मात्र तीच वेळ, मग कॅमेरा बांबूच्या टोकाला बांधून रिमोटने.

डार्करूमवाले

एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा आणि डीएसएलआर असेल तर बिंबाकडे व्ह्यूफाइंडरमधून बघू नका, लाइव्ह व्ह्यूच ठेवा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघा. एक्सपोजर बिंबाचं घ्या, दगडी भिंत काळी गेली तरी जाऊ द्या. भिंतीसाठी दुसरी फ्रेम. आणि काठावर वाकायचं असेल तर कंबरेला दोर बांधून मागे एक माणूस धरायला ठेवा, हे प्लीज टाळू नका. मोटर सकाळपासून बंद असू दे, पाणी हललं की बिंब तुटतं.

गोदाकाठची

मामांशी आत्ताच बोलले. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असेल तर दिवसा मोटर तशीही बंदच, दिवसाची असेल तर ते दुपारी दोनला चालू करतील म्हणाले. दोर धरायला ते स्वतः थांबणारेत.