२१ इंची जुना रंगीत टीव्ही: चित्र अधूनमधून मिटून एक आडवी रेघ उरते

प्रश्न (जुनी_कॅसेट)

नमस्कार. आमच्याकडे १९९०च्या दशकाच्या अखेरीस घेतलेला पिक्चर ट्यूबचा २१ इंची रंगीत टीव्ही आहे. घरातील लग्नकार्यांच्या व्हीएचएस कॅसेट आम्ही अजूनही त्यावरच पाहतो, कारण त्या चित्रफिती नव्या सपाट टीव्हीवर फारच भुरकट दिसतात. चालू केल्यावर साधारण अर्धा तास चित्र उत्तम असते. त्यानंतर ते केव्हातरी क्षणभर थरथरते, वरून आणि खालून एकदम मिटते आणि पडद्याच्या मध्यावर एक झगझगीत आडवी रेघ उरते. आवाज मात्र व्यवस्थित चालू राहतो. कॅबिनेटवर बाजूने थाप मारली की बहुधा चित्र परत येते. व्हीसीआर बंद करून पाहिला तरी तेच घडते, आणि पडद्यावर उमटणारा चॅनेलचा हिरवा आकडासुद्धा त्याच रेघेत चेपला जातो.

येथील मेकॅनिकने संपूर्ण किट (टीव्हीच्या आतला सर्किटचा बोर्ड) काढून बाजारातील तयार किट बसवण्याचा सल्ला दिला आहे. मला मूळ किट राखायचे आहे. रेडिओ आणि अॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीचा मला चांगला सराव आहे, परंतु टीव्हीच्या आत मी आजवर हात घातलेला नाही. शोध कोठून सुरू करावा?

उत्तर (सोल्डरवाला)

सर्वांत आधी एक विनंती. रेघ दिसताच ब्राइटनेस पूर्ण कमी करा किंवा टीव्ही लगेच बंद करा. एरवी सबंध पडद्यावर पसरणारा इलेक्ट्रॉनांचा झोत त्या वेळी एकाच पट्टीवर पडत असतो आणि तेथील फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) कायमचा जळू शकतो. किट दुरुस्त होते, जळलेली ट्यूब होत नाही.

चॅनेलच्या आकड्याचे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. तो आकडा टीव्हीच्या आतच तयार होतो, त्यामुळे व्हीसीआर, केबल आणि ट्यूनर हे तिन्ही संशयातून सुटतात. रेघ पडद्याच्या पूर्ण रुंदीची असेल, तर आडवा स्कॅन (झोताला डावीकडून उजवीकडे नेणारा भाग) आणि त्यावर चालणारा उच्च दाबाचा विभागही ठीक आहे असे समजावे. दोष उभ्या स्कॅनमध्ये आहे. झोताला सेकंदाला ५० वेळा वरून खाली नेण्याचे काम व्हर्टिकल आयसी करतो, आणि त्याचा प्रवाह प्लगमधून योकच्या (ट्यूबच्या मानेवरील, झोत वळवणाऱ्या तारांच्या वेटोळ्याच्या) उभ्या गुंडाळीत जाऊन परत किटवर येतो. थाप मारल्यावर चित्र परतत असेल, तर या वाटेवर कोठेतरी ड्राय सोल्डर (चीर पडून सैल झालेला सोल्डरचा सांधा) असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवलेला आयसी रोज तापतो आणि निवतो, त्याचे पाय सूक्ष्म प्रमाणात सरकत राहतात आणि काही वर्षांनी सांध्याला चीर पडते. भिंगातून पाहिल्यास पायाभोवती केसासारखे बारीक काळे कडे दिसते. किट बदलण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

उत्तर (हाय_व्होल्टेज)

वरील निदान मला मान्य आहे, तरीही आपण टीव्ही प्रथमच उघडणार असल्यामुळे सावधगिरीविषयी सविस्तर लिहितो. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो, तेव्हा तो उतरल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय किटला स्पर्श करू नये. ट्यूबवरील रबरी टोपीखाली सुमारे २५ हजार व्होल्ट असतात आणि ट्यूब स्वतःच तो भार धरून ठेवते. या कामात त्या टोपीशी आपला काहीही संबंध येत नाही, म्हणून तिच्या जवळही जाऊ नका. ट्यूबची मान अतिशय नाजूक असते, किट ओढताना तिला धक्का लागता कामा नये.

सिरीज बल्ब (टीव्हीच्या वीजवाटेत मालिकेत जोडलेला दिवा) लावला म्हणजे शॉक बसत नाही असा समज अनेक दुकानांतून आढळतो, तो धोकादायक आहे. बल्ब केवळ प्रवाह मर्यादित करतो आणि किटचा मेन्सकडील भाग तसाच जिवंत राहतो. तसेच योकचा प्लग काढून टीव्ही कधीही चालू करू नका.

उत्तर (मीटर_आधी)

सरसकट सर्व सांधे गरम करत सुटण्याला माझा विरोध आहे, कारण त्यामुळे दोष गेला तरी तो नेमका कोठे होता हे कळत नाही आणि जुन्या किटवरील तांब्याच्या पट्ट्या उखडतात. टीव्ही बंद असताना व्हर्टिकल आयसीच्या सप्लायच्या पायाला आणि त्याच आयसीच्या ग्राउंडला मीटरच्या वायरी चिमट्याने जोडून ठेवा, मग टीव्ही चालू करा आणि दूर बसून वाट पाहा. अशा संचांत तेथे बहुधा २४ ते २६ व्होल्ट मिळतात. रेघ येण्याच्या क्षणी हा दाब नाहीसा झाला, तर एलओटीकडून (उच्च दाब तयार करणाऱ्या लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा फ्युजिबल रेझिस्टर (जादा प्रवाहाने फ्यूजसारखा तुटणारा), डायोड आणि त्यांचे सांधे तपासा. दाब टिकून राहिला, तर आयसी, योकचा प्लग आणि योकच्या मालिकेतील कपॅसिटर यांच्याकडे वळा. कपॅसिटर केवळ सुकला असेल, तर चित्र एकदम मिटण्याऐवजी त्याची उंची हळूहळू कमी होते किंवा वरच्या बाजूला दुमडल्यासारख्या रेघा दिसतात.

प्रश्नकर्ता (जुनी_कॅसेट)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मीटर जोडून ठेवला होता. रेघ आली तेव्हाही सप्लाय २५ व्होल्टवर स्थिर होता. त्यानंतर प्लास्टिकच्या कोरड्या दांडीने योकच्या प्लगवर अगदी हलके दाबताच चित्र उघडले आणि दांडी उचलताच पुन्हा मिटले. टीव्ही बंद करून, कपॅसिटर उतरल्याचे तपासून किट उलटे केले, तेव्हा प्लगच्या एका पिनेभोवती पूर्ण वर्तुळाकार चीर भिंगातून स्पष्ट दिसली. आयसीचे सांधे मात्र चकचकीत आहेत. त्या पिनेवर थोडे नवे सोल्डर भरले तर चालेल का?

उत्तर (सोल्डरवाला)

जुन्यावर नवे चढवू नका. विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जुने सोल्डर पूर्ण उचला, पीन काळवंडली असल्यास ती खरवडून स्वच्छ करा आणि राळेचा फ्लक्स लावून नव्याने सांधा भरा. अॅसिडची पेस्ट येथे वापरू नये, ती पुढे तांबे खाते. त्या प्लगच्या उरलेल्या पिनाही त्याच वेळी करून घ्या, कारण आडव्या स्कॅनच्या पिनांतून याहून मोठा प्रवाह जातो आणि तेथील सैल सांध्यात ठिणगी पडून किट जळते. चाचणी मागचे झाकण लावूनच दोन-तीन तास करा. उघड्या संचात किट थंड राहते आणि तापल्यावर येणारा दोष त्यात दिसत नाही.