संधिवात ओपीडीतल्या सिस्टर आणि फिजिओंचं ट्रेनिंग: दोन दिवसांत काय बसवायचं?

सोलापूरची फिजिओ:
आमच्याकडे संधिवाततज्ज्ञ महिन्यातून दोनदा येतात. मधल्या काळात पेशंट दोन सिस्टर आणि एक फिजिओ मिळून सांभाळतात. त्यांच्यासाठी शनिवार-रविवारचं ट्रेनिंग ठरतंय. युलारचा (युरोपातल्या संधिवात संघटनेचा) ऑनलाइन कोर्स करून घेतला तर भागेल का? 28 सांध्यांची मोजणी (त्यातले दुखरे किती, सुजलेले किती) सिस्टरना शिकवावी की डॉक्टरांवरच सोडावी? आणि मेथोट्रेक्सेटचं (आमवातावरची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी) समुपदेशन शिकवायचं कसं? स्लाइड दाखवल्या की सगळे माना डोलावतात, पुढे काही होत नाही.

संधिवात_ओपीडी:
कोर्स चांगला आहे, पण तो हाताला काही शिकवत नाही. वाचायचं ते आधी घरी वाचू द्या आणि दोन्ही दिवस पेशंटवर घाला. मोजणी सिस्टरना जरूर शिकवा.

28 म्हणजे दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं आणि गुडघे मिळून 8, बोटांच्या मुळाचे 10, मधल्या पेराचे 10 (अंगठ्याचं एकच पेर धरून). बोटांच्या टोकाचे सांधे, घोटे, पावलं यात नाहीत. पावलं मोजत नाही म्हणून मोजे काढायचेच नाहीत, असं मात्र करू नका. चवडा दोन्ही बाजूंनी दाबून बघायचाच.

दाब किती? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. कमी दाबलं तर दुखरा सांधा सुटतो, जास्त दाबलं तर सगळेच दुखरे निघतात. मधलं पेर तपासताना एका हाताची दोन बोटं वर-खाली आणि दुसऱ्या हाताची दोन डाव्या-उजव्या बाजूला. एकीकडे दाबलं की दुसरीकडे उचललं जातं ती सूज. तिथे हाडासारखं टणक लागलं तर ती झिजेची गाठ, ती सुजेत धरायची नाही. नव्या माणसाच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूची चरबी हा दुसरा सापळा.

पद्धत अशी ठेवा: सहा ते आठ पेशंट घ्या, डॉक्टर आणि सिस्टरनी वेगवेगळं तपासून बाहुलीच्या (सांधे दाखवलेल्या माणसाच्या आकृतीच्या) चित्रावर खुणा करायच्या आणि मग दोन्ही कागद सांधा-सांधा लावून बघायचे. नुसती बेरीज जुळवू नका. दोघांचे 6 आले आणि त्यातले चार सांधे वेगळेच निघाले, तर ते जुळणं नव्हे. दुखऱ्या सांध्यांवर एकमत लवकर होतं, सुजेवर वेळ लागतो, तेव्हा वेळ सुजेला द्या.

आणि डीएएस28 चा (या मोजणीवरून काढलेला, आजार किती जोरात आहे ते सांगणारा) आकडा डोळे झाकून लिहू नका. दुखरे 16, सुजलेले शून्य, ईएसआर (रक्तातली दाह दाखवणारी तपासणी) 40, पेशंटचा स्वतःचा अंदाज 100 पैकी 70 असेल तर आकडा 5.8 येतो, म्हणजे तीव्र आजार. सूज एकाही सांध्याला नाही! सूत्रात दुखऱ्याला 0.56 आणि सुजलेल्याला 0.28 असं वजन आहे, त्यामुळे फायब्रोमायल्जियाच्या (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) पेशंटमध्ये हे हमखास होतं. ॲनिमियात ईएसआर वाढतो, तीही भर पडते. म्हणून दोन्ही मोजण्या केसपेपरवर वेगळ्या लिहायला लावा, नाहीतर नुसत्या आकड्यावर औषध वाढवलं जातं.

ओपीडी_सिस्टर:
मेथोट्रेक्सेटबद्दल लिहिते. चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते: आठवड्याची गोळी रोज घेतली जाते. तोंडात फोड, ताप, रक्तातल्या पेशी खाली. जीव जाऊ शकतो. त्यामुळे केसपेपरवर 'आठवड्यातून एकदा' एवढंच लिहू नका, वार लिहा. गावाचा बाजाराचा वार घेतला तर लक्षात राहतो. ज्या वारी उपास असतो तो टाळा.

दुसरी गफलत स्ट्रेंथची. 2.5 मिलिग्रॅमच्या 4 गोळ्या सांगितल्या आणि दुकानदाराने 10 च्या दिल्या, तर पेशंट 40 मिलिग्रॅम घेतो. म्हणून मिलिग्रॅम, गोळ्यांची संख्या आणि स्ट्रेंथ तिन्ही लिहायचं, आणि दर खेपेला पाकीट मागवून बघायचं. तिसरी, फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅमची गोळीही बहुधा पिवळीच असते, दोन्हींची अदलाबदल होते. वेगळ्या डब्या, डबीवर वार.

रोल-प्लेमध्ये 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी: "काकू, मुलगा पुण्याहून आला आणि त्याने विचारलं, ही गोळी कधी नि किती घेतेस, तर काय सांगशील?" उत्तर चुकलं तर पेशंटची नव्हे, सांगणाऱ्याची परीक्षा नापास.

धोक्याच्या खुणा तोंडपाठ हव्यात: तोंडात फोड, ताप, नवा कोरडा खोकला किंवा धाप, कुठूनही रक्त. यातलं काही दिसलं की पुढचा डोस घ्यायचा नाही, आधी फोन. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तरी तसंच. बाहेरच्या डॉक्टरने कोट्रायमॉक्साझोल (हे अँटिबायोटिक) लिहिलंय का, हे विचारायचंच. गर्भारपणाचा विचार असेल तर तो गोळी सुरू करण्याआधी बोलायचा. रक्ततपासणी (पेशींसाठी सीबीसी, यकृतासाठी एसजीपीटी, किडनीसाठी क्रिएटिनिन) सुरुवातीला 2 ते 4 आठवड्यांनी, स्थिर झाल्यावर 8 ते 12.

सोलापूरची फिजिओ:
दोघांचेही आभार. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं (आमवातावरची दुसरी गोळी) काय सांगायचं? आणि फिजिओसाठी वेगळं काही?

संधिवात_ओपीडी:
हायड्रॉक्सीक्लोरोक्विन वजनावर, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत. 40 किलोच्या बाईला रोज 200 पुरे, 400 दिलं तर दुप्पट होतं. त्यामुळे ओपीडीत वजनकाटा हवाच. डोळे सुरुवातीला आणि मग 5 वर्षांनंतर दरवर्षी, किडनीचा त्रास असेल तर त्याआधीच.

फिजिओंना पहिली गोष्ट: जुन्या आमवाताच्या पेशंटची मान दुखतेय म्हणून ट्रॅक्शन (वजनाने मान ताणणं) लावायचं नाही, मॅनिप्युलेशन (झटका देऊन मान फिरवणं) तर नाहीच. पहिला-दुसरा मणका सैल असू शकतो. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन एक्स-रे आधी. मोठ्या माणसात दोहोंतली फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर लगेच तज्ज्ञांकडे. हात-पाय जड वाटणं, मुंग्या, चाल बिघडणं असेल तर एक्स-रेची वाट बघू नका.

दुसरी: एकच सांधा अचानक सुजला, लाल आणि सोबत ताप असेल तर शेक नाही, व्यायाम नाही, त्याच दिवशी रेफर. तो सेप्टिक (जंतुसंसर्गाने पू झालेला) असू शकतो, मग तो पेशंट आधीपासून आमवाताचा का असेना.

भिगवण_लाइन:
एक सुचवतो. भिगवणला 1996 साली सुरू झालेल्या कॉपकॉर्ड या गावपातळीवरच्या संधिवात सर्वेक्षणात प्रशिक्षित कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन घरोघर गेले आणि ज्यांना दुखणं होतं त्यांना नंतर संधिवाततज्ज्ञांनी तपासलं. ट्रेनिंगमध्येही कोणी कुठवर जायचं हे असंच आधी ठरवून घ्या: सिस्टरने डोस थांबवून फोन करायचा, वाढवायचा नाही. हे कागदावर लिहून डॉक्टरांची सही घ्या.

ट्रेनिंगच्या क्रेडिटचं (नोंदणी टिकवायला लागणारे गुण) म्हणाल तर डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणाला 5 वर्षांत 30 लागतात. सिस्टर आणि फिजिओंच्या परिषदा वेगळ्या, त्यांची मान्यता कार्यक्रमाआधी घ्यावी लागते, नंतर अर्ज करून उपयोग नाही.

ओपीडी_सिस्टर:
बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं) सुरू होणार असतील तर मॉन्टू (टीबीसाठीची हातावरची त्वचा-चाचणी) वाचायलाही शिकवा. 48 ते 72 तासांत, लाली नव्हे तर कडकपणा मोजायचा, हाताला आडवा. बॉलपेन दोन्ही बाजूंनी आत सरकवत आणायचं, जिथे अडखळेल तिथे खूण, मग पट्टी. या पेशंटमध्ये 5 मिलिमीटरही पॉझिटिव्ह. आणि तीन महिन्यांनी ती सांध्यांची मोजणी पुन्हा जुळवून बघा, हाताची सवय सुटते.