एग (स्त्रीबीज) वेळेवर तयार होत नाही: गोव्यात उपचार कुठे आणि कुठून सुरू करावेत?

डिचोलीची_मोगरी:
नमस्कार. वय २९, राहते डिचोली तालुक्यात, नोकरी पणजीत. लग्नाला तीन वर्षं होत आली, मूल नाही. पाळी कधी चाळीस दिवसांनी येते, कधी दोन महिने पत्ता नसतो. सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयात अर्धवट वाढलेल्या बारीक पिशव्या) दिसतंय. एग नीट वाढून फुटत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये गेलो, तर पहिल्याच भेटीत आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) पॅकेज आणि हप्त्यांचा कागद हातात! नवऱ्याला काही तपासायचं का, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. थेट आयव्हीएफच लागतं का? गोव्यात होईल, की बेळगाव-मुंबई गाठायची? बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलबद्दल कोणाला माहिती आहे का? देवाला प्रसाद लावून झालाय, तेव्हा तो सल्ला नको.

फोंड्याची_वयनी:
अगो, पॅकेजचा कागद बाजूला ठेव. माझीही पाळी अशीच होती. एग न बनण्याचं कारण आधी शोधायचं, औषध नंतर. थायरॉईड बिघडलं किंवा प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) वाढलं तरी पाळी अशीच लांबते, आणि त्याची गोळी अगदी वेगळी असते. माझ्या बाबतीत ते दोन्ही ठीक निघालं, म्हणजे पीसीओडीच. मग पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत लेट्रोझोल, म्हणजे एग वाढवायची गोळी, पाच दिवस. त्यानंतर फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे फॉलिकल (एगची पिशवी) किती वाढला ते दिवसाआड सोनोग्राफीवर बघणं. साधारण १८ ते २० मिमी झाला की फोडायचं इंजेक्शन, आणि पुढच्या ३६ तासांच्या आसपास एग सुटतं. संबंध कधी ठेवायचे तेही डॉक्टर सांगतात (लाजायचं काय त्यात, ते रोज हेच सांगतात). पहिल्या डोसला माझा फॉलिकल वाढलाच नाही, डोस वाढवल्यावर वाढला. मुलगी आता बालवाडीत जाते.

एक सांगते. लेट्रोझोलच्या डब्यातला कागद वाचून घाबरू नकोस. त्यावर स्तनाच्या कर्करोगाचं नाव असतं, कारण मुळात ते त्यावरचं औषध. माझ्या सासूबाईंनी तो वाचला आणि घरात रामायण झालं.

निवृत्त_सिस्टर:
त्या रामायणाला कारण आहे. आपल्याकडे वंध्यत्वासाठी लेट्रोझोल द्यायला २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात ‘बंदीचं औषध’ राहून गेलं. पूर्वी एग वाढवायला सगळीकडे क्लोमिफेन ही गोळीच चालायची. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पीसीओएसच्या (पीसीओडीलाच असंही म्हणतात) काही बायकांना एक आणि काहींना दुसरं औषध देऊन पाहिलं, तर लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना मूल झालं आणि क्लोमिफेनवर १९.१ टक्के. म्हणून आता पीसीओडीत पहिली पसंती लेट्रोझोललाच. जुळ्यांची शक्यता दोन्हींत थोडी असतेच.

मोगरी, पाळी इतकी लांबते तर वर्षभर प्रयत्न करून मगच डॉक्टरकडे जायचा नियम तुला लागू नाही, आताच जा. गोळ्यांनी एग बनलं नाही तर रोजची इंजेक्शनं येतात. पीसीओडीत तीच जपून घ्यायची, कारण एकदम खूप फॉलिकल वाढून पोट फुगणं, पाणी साठणं, धाप लागणं असा त्रास होऊ शकतो. सोनोग्राफी न करता कोणी ती देत असेल तर घेऊ नकोस. फॉलिक ॲसिड मात्र आत्तापासूनच, रोज ४०० मायक्रोग्रॅम.

बांबोळीत गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी इमारतीत २०२३ पासून सरकारी केंद्र आहे. आयव्हीएफ मोफत देणारं म्हणून तेव्हा पेपरात खूप गाजलं. आययूआयही (वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं) होतं. गर्दी असते, हे धरूनच जा. गोव्यात राहत असल्याचा पुरावा आणि जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा. ओपीडीचे वार आधी फोनवर विचार, ते बदलतात. खासगीत जायचं तर एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखालची नोंदणी दाखवायला सांग. २०२१ चा कायदा आहे, विचारायला संकोच कशाला?

पेडण्याचो_पात्रांव:
बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. नवऱ्याची वीर्य तपासणी पहिल्याच आठवड्यात करा. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, बस्स. आमच्याकडे बायकोच्या सोनोग्राफ्या चालू राहिल्या आणि अडचण निघाली माझ्यात. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, लगेच हाय खाऊ नका.

म्हापसेकरीण:
माझ्या ओळखीचे वैद्य काढा देतात, दोन महिन्यांत पाळी रुळावर येते. व्यनि (खासगी निरोप) करा.

निवृत्त_सिस्टर:
म्हापसेकरीणबाई, काढ्यात काय आहे ते लिहून मिळतं का? नाही मिळत तर लेट्रोझोलच्या महिन्यात तो नको. पाळी आली म्हणजे एग सुटलंच असंही नाही. त्यासाठी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी रक्तात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बघतात.

डिचोलीची_मोगरी:
सगळ्यांचे खूप आभार. नवरा तयार झालाय, सोमवारी लॅबमध्ये जातोय (पात्रांवांची पोस्ट त्याला वाचायला दिली). दोन प्रश्न राहिले. फार्मसीत मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या वापरू का? आणि वजन ७४ आहे, भात सोडायला सांगतायत सगळे. शीत-कडी सोडून जगायचं कसं?

फोंड्याची_वयनी:
पट्ट्यांवर पैसे घालवू नकोस. पट्टी एलएच हे हार्मोन बघते, आणि पीसीओडीत ते मुळातच वाढलेलं असू शकतं, मग एग नसतानाही पट्टी होकार देते. शीत-कडी सोडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. भात अर्धा केला, बांगडे तळायचे थांबवले, संध्याकाळचं फरसाण बंद. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी कितीतरी जणींची पाळी आपोआप सुधारते, म्हणजे तुझे चार ते सात किलो. पण वजन उतरेपर्यंत तपासण्या थांबवू नकोस, दोन्ही सोबत चालू दे.

निवृत्त_सिस्टर:
नळ्या उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, एचएसजी, सांगितला तर त्या दिवशी रजा टाक आणि परत येताना स्कूटर चालवू नकोस. कळा येतात. फॉलिकलच्या सोनोग्राफीला मात्र रजा नको, पणजीतच ऑफिसच्या आधीची वेळ घे.