अमृत कोकमाला पाचव्या दिवशी फेस: साखर कमी की ऊन कमी?

बरणीवाली (पुणे):
अमृत कोकम, म्हणजे कोकम सरबताचा पाक, करायला घेतलं. २ किलो ताजे रातांबे (कोकमाची ओली फळं) होते. बिया काढून साधारण १ किलो साली निघाल्या. त्यात १ किलो साखर भरून झाकणाच्या प्लास्टिक बरणीत घट्ट बंद केलं. बाल्कनीत ऊन दोनच तास येतं. पाचव्या दिवशी वर फेस आणि झाकण उघडताना 'फुस्स' आवाज. वास आंबूस आहे, पण बुरशी नाही. तळाशी साखरेचा थर तसाच आहे. हे वाचेल का? आणि साखरेऐवजी गूळ चालेल का?

कुडाळी:
ताई, उन्हाला दोष देऊ नका, साखरच कमी पडली. सालीच्या वजनाच्या दुप्पट साखर लागते. बिया काढल्यावर साली तोलायच्या, अख्खे रातांबे नाहीत. १ किलो सालीला २ किलो साखर.

हे प्रमाण कंजुषी करून चालत नाही, त्याचं कारण साधं आहे. सालीत वजनाच्या सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. १ किलो साखर घातली की सगळं विरघळल्यावरही पाक ५५ टक्क्यांच्या आसपासच गोड होतो, आणि तेवढ्यात यीस्ट आरामात जगतं. २ किलो घातली की तो ६८-७० टक्क्यांवर जातो, मग आंबायची भीती उरत नाही. बाजारात 'कमी गोड' म्हणून मिळणारं सरबत फ्रीजमध्ये ठेवा असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

तुमच्याकडे दुसरी चूकही झाली आहे. तळाला साखर बसली म्हणजे वरचा रस पातळ राहिला, आणि फेस तिथूनच सुरू झाला. रोज कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवायला हवं.

पाटावरवंटा:
कुडाळींशी सहमत. भरण्याची रीत सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

रातांबे धुऊन कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. देठापाशी पाण्याचा थेंब राहतो, तो पुसा. मग मधून आडवे कापून दोन वाट्या करा. बिया आणि त्यांच्याभोवतीचा पांढरा गर बोटाने काढा, सालीला चिकटलेले तंतू राहू देऊ नका. हा गर लवकर आंबतो. प्रत्येक वाटीत साखर दाबून भरा, वाट्या उताण्या रचा, मधल्या फटीत साखर ओता आणि सगळ्यात वर बोटभर जाड थर द्या.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं नको, रस आंबट असल्याने धातू खातो. तोंडाला घट्ट झाकण न लावता मलमलचा दादरा बांधा, आणि मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या परातीत ठेवा. ६ ते ८ दिवस उन्हात, संध्याकाळी घरात. ऊन नसेल तरी काम होतं, फक्त १०-१२ दिवस लागतात. ऊन इथे काही शिजवत नाही, साखर विरघळायला ऊब देतं, एवढंच.

साली आक्रसून चामड्यासारख्या झाल्या आणि तळाशी साखर उरली नाही की गाळा. पिळू मात्र नका, तंतू आणि चोथा खाली आला की पाक गढूळ होतो. निथळू द्या रात्रभर.

गुळाचं म्हणाल तर चव वाईट नाही, पण रातांब्याचा तो जांभळट लाल रंग मातकट तपकिरी होतो. रंगासाठीच करत असाल तर नको.

भिरंड (म्हापसा):
बरणीवालींच्या मालाचं काय करायचं, हे कोणीच सांगितलं नाही. वास फक्त आंबूस असेल, दारूसारखा नसेल आणि बुरशीचा टिपूसही दिसत नसेल, तर वाचवता येईल. तळाची साखर विरघळेपर्यंत हलवा, रस गाळा, तोला. दर किलो रसाला ४०० ग्रॅम साखर घाला. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत न्या, म्हणजे कडेला बुडबुडे दिसू लागतात तिथवर, आणि ५ मिनिटं धरा. खळखळ उकळी आली तर रंग मंदावतो. गार करून बाटल्यांत भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा. बुरशी दिसली तर फेका, वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको.

टिकावं म्हणून काही घालायचं असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको, तो रंग उडवतो. तसं दुप्पट साखर असल्यावर काहीच लागत नाही.

कुडाळी:
मीठ पाकात घाला, किलोला १० ग्रॅम. जिरं मात्र प्यायच्या वेळी, भाजून कुटून. पाकात घातलेलं जिरं तळाशी बसतं आणि महिन्याभरात खवट वास येतो.

पाटावरवंटा:
जिऱ्याबद्दल माझं मत वेगळं. जिऱ्याची पुरचुंडी गाळलेल्या पाकात दोन दिवस ठेवून काढली तर वास येत नाही आणि चवही मुरते.

बरणीवाली:
कळलं. रातांब्याचा हंगाम संपल्यावर सुक्या आमसुलांचं करता येईल का?

भिरंड:
होतं. पण बिनमिठाचीच आमसुलं घ्या, नाहीतर सरबत खारट होतं. १०० ग्रॅम आमसुलं अर्धा लिटर कोमट पाण्यात ४ तास भिजवा, हाताने कुस्करून गाळा. ४०० मिली रस निघाला तर त्यात ८०० ग्रॅम साखर, मंद आचेवर विरघळेपर्यंतच. ताज्या रातांब्याचा रंग येत नाही, चव मात्र छान असते. पेल्यात एक भाग पाक, चार-पाच भाग गार पाणी. गाळून उरलेल्या गोड साली वाळवून ठेवा, पोरं चघळतात. आणि रातांब्याच्या बिया फेकू नका, धुऊन वाळवा. त्यांचंच कोकमतेल निघतं, भेगाळलेल्या टाचांना लावायचं.