'हेवीवेट टॉर्पेडो' : जड, अवजड की वजनदार?

निळीशाई : जपानी पाणबुड्यांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. सोर्यू वर्गाच्या पाणबुड्यांतून सुटणारा टाइप ८९ हा 'हेवीवेट टॉर्पेडो'. व्यास ५३३ मि.मी., लांबी सव्वासहा मीटर, वजन पावणेदोन टनांच्या आसपास. मी 'जड पाणतीर' लिहिलं. संपादक म्हणतात, जड म्हणजे पचायला. काय लिहू?

ससाणा : ही वर्गवारी आहे, कुस्तीतल्या वजनगटांसारखी. हलके टॉर्पेडो ३२४ मि.मी. व्यासाचे, ते हेलिकॉप्टरमधूनही टाकतात. 'वजनदार' नको, वजनदार आपल्याकडे फक्त मंत्री असतात. 'अवजड' घ्या. घाटात पाटी असतेच की, 'अवजड वाहनांस बंदी'.

तळकोकणी : मला 'पाणतीर'च खटकतो. तीर सुटला की सुटला. हा मागे तार उलगडत जातो आणि पाणबुडीतला माणूस त्या तारेवरून त्याला वळवत राहतो. जवळ गेल्यावर तो स्वतःच्या 'सोनार' यंत्रणेवर, म्हणजे पाण्यातल्या आवाजाच्या लहरींवरून, सावज शोधतो. याला तीर कसं म्हणायचं?

शुद्धमती : अग्निबाणही वाटेत वळतो, त्याला कधी हरकत घेतलीत? आणि टॉर्पेडो तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? ते विजेचा झटका देणाऱ्या माशाचं लॅटिन नाव. अमेरिकेच्या यादवीत तर पाण्यात नांगरून ठेवलेल्या सुरुंगांनाच टॉर्पेडो म्हणत. स्वतः धावणारा व्हाइटहेडचा टॉर्पेडो १८६६ चा.

तळकोकणी : माझे काका माझगाव डॉकात होते. घरी कायम 'टॉर्पेडो' आणि 'ट्यूब'. पाणतीर फक्त पेपरात.

शुद्धमती : मग पेपर वाचणारे मराठी नव्हेत काय? १९७१ च्या डिसेंबरात आपली 'खुकरी' युद्धनौका बुडाली, तेव्हाची गोष्ट सांगताना आमचे आजोबा 'पाणतीर लागला' असंच म्हणत.

तोक्योकर : जपानीत 'ग्योराइ'. ग्यो म्हणजे मासा, राइ म्हणजे गडगडाट. 'माशाच्या आकाराचा पाणसुरुंग' अशा लांबलचक शब्दाचं हे आखूड रूप. आणि निळीशाई, ८९ म्हणजे १९८९, पण महायुद्धातला टाइप ९३ आला तर जपून. तो १९३३ चा. तेव्हा सम्राटांच्या शकाचे आकडे धरत, २५९३ मधले शेवटचे दोन.

निळीशाई : लेखात दोन्ही आहेत! मग 'टाइप' ठेवू की '८९ नमुन्याचा'?

मोडीवाला : सुरुंगावरून आठवलं. इंग्रजी पेपर जिथे बोलणी 'टॉर्पेडो' झाली म्हणतात, तिथे आपण युतीला सुरुंग लावतो. आमचे मास्तर सांगत, सुरुंग शब्द ग्रीक 'सिरिंक्स'वरून, म्हणजे नळी, भुयार यावरून आला.

शुद्धमती : झालं! संस्कृतात 'सुरुङ्गा' आहे, भुयार या अर्थी. दरवेळी ग्रीकांच्या दारात कशाला जायचं?

ससाणा : संस्कृतातच तो ग्रीकांकडून आला, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मास्तर अगदीच हवेत बोलत नव्हते.

निळीशाई : 'अवजड' कळवलं. संपादकांना त्यात ट्रक दिसतो.

ससाणा : मग त्यांना हेवीवेटच छापू दे.

तळकोकणी : 'जड'ला काय झालंय पण? जड पाणी चालतं, जड धातू चालतात.

शुद्धमती : सुरुंगासाठी वेगळा धागा काढा, इथे गल्लत होतेय.

मोडीवाला : काढतो. आधी एवढंच सांगा, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' आहे. मग सिरिंक्सवाल्यांचं खरं मानलं, तर शब्द ग्रीकांशी संबंध आल्यावरचा; मग अर्थशास्त्र कधीचं?