जर्मन 'निश्ट'ची जागा आणि आपलं 'नाही'

अनुवादिका:
जर्मन कथेतलं एक वाक्य अडलंय. 'एर हाट निश्ट आले ब्रीफे गेलेझन.' मी लिहिलं, 'त्यानं सगळी पत्रं वाचली नाहीत.' संपादक म्हणतात, यातून एकही वाचलं नाही असं वाटतं. जर्मनमध्ये 'निश्ट', म्हणजे 'नाही', थेट 'आले'च्या, म्हणजे 'सगळी'च्या आधी आहे. त्यामुळे काही वाचली, काही राहिली हे उघड आहे. मराठीत कसं आणू?

म्युनिकवासी:
सगळं 'निश्ट'च्या जागेवर अवलंबून आहे. 'एर हाट डी ब्रीफे निश्ट गेलेझन' म्हटलं तर अख्खं वाक्य नाकारलं, ती पत्रं वाचलीच नाहीत. एकाच भागाला नकार द्यायचा तर 'निश्ट' त्या भागाच्या आधी. 'पैसे नाहीत' म्हणायला मात्र नामाआधी येणारा दुसरा नकार, 'काइन': 'इश हाबे काइन गेल्ट'.

कोल्हापूरकर:
मग 'त्यानं नाही सगळी पत्रं वाचली' लिहा की. घरात असंच बोलतो आपण.

व्याकरणप्रेमी:
ही हिंदीची रचना. छापील मराठीत 'नाही' शेवटीच हवं.

कोल्हापूरकर:
'मी नाही त्यातली' कुठल्या हिंदीतून आलं? माझ्या आजीला हिंदीचा गंध नव्हता, तीही 'मी नाही जायची' म्हणायची.

ऋतुगंध:
ताई, 'काही' घाला. 'सगळी पत्रं काही त्यानं वाचली नाहीत.' नुसता 'च' नको, 'सगळीच वाचली नाहीत' दोन्हीकडे झुकतं.

अनुवादिका:
अर्थ नेमका बसतो. पण निवेदक कोरडा आहे, 'काही'मुळे तो कुणाशी तरी वाद घालतोय असं वाटतं.

व्याकरणप्रेमी:
'निश्ट'च्या पोटातही असंच काही आहे. जुन्या जर्मनमधलं 'नि', 'इओ' आणि 'विह्ट' मिळून तो झाला: 'कधी एक वस्तूही नाही'. तेव्हा साधा नकार म्हणजे क्रियापदाआधीचा 'नि'. जोर देण्यासाठी 'निश्ट' आला, पुढे 'नि' झिजून गेला आणि 'निश्ट' एकटा उरला.

म्युनिकवासी:
बव्हेरियाच्या बोलीत दोन नकार अजून एकत्र येतात. 'इ होब कोआ गेल्ट नेट', म्हणजे 'माझ्याकडे पैसे नाहीत': 'कोआ' हा 'काइन', 'नेट' हा 'निश्ट', आणि अर्थ नकाराचाच. प्रमाण जर्मनमध्ये हे चालत नाही.

व्याकरणप्रेमी:
म्हणूनच छापताना प्रमाण रूप धरावं.

कोल्हापूरकर:
बोलीनं भाषा बिघडते असं मला नाही वाटत.

व्याकरणप्रेमी:
'वाटत नाही' लिहा.

कोल्हापूरकर:
'मला नाही वाटत' म्हटलं की 'तुम्हाला वाटत असेल' हेही आत येतं. 'वाटत नाही'त ते येत नाही. मी बदलणार नाही.